प्रांजलीचं कोपर

चारुता करमरकरच्या फोटोत कुणी चूक दाखवली की आधी तिचे कान तापत आणि मग तोंड सुरू होई. त्या रविवारीही तेच झालं. बड्या बाजारातल्या एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर हौशी फोटोवाल्यांची महिन्याची बैठक भरली होती. पंधरा-सोळा माणसं सतरंजीवर बसली होती, समोरच्या भिंतीवर चारुताने काढलेला फोटो मोठा करून दाखवला जात होता, आणि दीनानाथजी हातातल्या लाकडी पट्टीने फोटोतल्या बाईच्या कोपरावर टकटक करत होते.

“यह क्या है?” त्यांनी विचारलं.

“कोहनी,” मागून कुणीतरी म्हणालं.

“अच्छा? मुझे तो लौकी लग रही थी.”

कोपराचा दुधी भोपळा झालेला ऐकून सगळे हसले. चारुता ताडकन उठली. बैठकीचा नियम असा की ज्याचा फोटो लागला असेल त्याने पाच मिनिटं गप्प बसायचं, बाकीच्यांनी बोलायचं. तीन महिन्यांत तो नियम चारुताला एकदाही पाळता आला नव्हता.

“काका, एक मिनिट. ऊन एकदम वर आलं होतं, त्यात मागून ई-रिक्षा घुसली. भिंतीपाशी जागा किती, तर इतकी. आणि बघायला वीस माणसं गोळा! ‘पिक्चर बन रही है क्या’ म्हणून जो तो विचारतोय. अशात मी काय कोपर बघत बसू?”

दीनानाथजी झाशीतले जुने मराठी गृहस्थ. दतिया गेटजवळ त्यांचा स्टुडिओ होता. लोकांच्या हातात फोन आले आणि तो बंद पडला. बैठकीत ते सगळ्यांशी हिंदी बोलत, चारुताशी मात्र मराठी.

“चारुता,” ते शांतपणे म्हणाले, “हा फोटो जो जो बघेल त्याच्या घरी जाऊन तू ही ई-रिक्षाची हकिकत सांगणार आहेस का?”

ती बसली. तेवढ्यात पुढच्या ओळीतला अक्षत वळला. सव्वीस वर्षांचा हा मुलगा लग्नांचे व्हिडिओ करी, आणि कुणी विचारो न विचारो, त्याचं मत तयार असे.

“दीदी, सीधी बात है. मॉडल थोड़ी हेवी है. कोई दुबली लड़की पकड़िए, सब ठीक हो जाएगा.”

चारुताच्या कानांतून आता वाफच निघायची बाकी होती. भिंतीवरची ती ‘मॉडल’ म्हणजे तिची भावजय, प्रांजली.

“मॉडल में कोई खोट नहीं है,” दीनानाथजी म्हणाले आणि त्यांनी पट्टी फोटोवर फिरवली. बाई सरळ समोर तोंड करून उभी केली आहे, म्हणजे अंगाची होती नव्हती ती सगळी रुंदी समोर आली. दंड कुशीला चिकटवून ठेवला, म्हणून तो चपटा होऊन पसरला. कोपर कॅमेऱ्याकडे आलं आणि कॅमेरा अगदी जवळ, म्हणून ते डोक्याएवढं दिसतंय. शिवाय कॅमेरा खालून धरलाय. एवढं सगळं सांगून ते चारुताकडे वळले. “तुझी मॉडेल आहे तशी छान आहे. तू तिला दीडपट केलीस.”

यातलं ‘दीडपट’ तेवढं चारुताने ऐकलं. बाकीचं ऐकण्याच्या अवस्थेत ती नव्हती. चहा न घेताच ती जिना उतरली आणि स्कूटीला किल्ली लावताना तिने जाहीर केलं, “परत इथे पाय ठेवणार नाही.” जाहीर केलं म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या केळीवाल्याला ऐकू गेलं. त्याला मराठी येत नव्हतं. “कितने दर्जन?” त्याने विचारलं.

चारुता सदतीस वर्षांची. तिचे पूर्वज सुभेदारांच्या पदरी कारकून म्हणून दक्षिणेतून झाशीला आले, आणि सुभेदारी गेली तरी कारकुनी चारुतापर्यंत टिकली. एका सरकारी कचेरीत ती आवक-जावक सांभाळे. दिवसभर दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारायचे आणि ‘करकरेजी’, ‘करमाकरजी’ अशा हाकांना ओ द्यायची. आडनाव दुरुस्त करणं तिने नोकरीच्या दुसऱ्या वर्षी सोडून दिलं होतं. लग्न केलं नव्हतं, आणि का नाही केलं हे सांगायचंही तिने सोडून दिलं होतं. वडील, दत्तात्रेय करमरकर, सहा वर्षांपूर्वी गेले. आता घरी आई अनुसूयाबाई, धाकटा भाऊ आशुतोष आणि त्याची बायको.

लहानपणापासून चारुताला एक वेड होतं. बायकांच्या मासिकांची मुखपृष्ठं ती कापून ठेवी. त्यातल्या बाईपेक्षा तिला ती बाई कापड कशी वागवते याचं कौतुक. तोच पदर एकीच्या खांद्यावर ओझं वाटतो आणि दुसरीच्या खांद्यावर ऐट, हे कसं, हा प्रश्न तिला कचेरीतही पडे. दोन वर्षांपूर्वी तिने ग्वाल्हेरच्या एका माणसाकडून जुना कॅमेरा घेतला, तो त्यासाठीच. आई म्हणाली, “या वयात?” आशुतोष म्हणाला, “छान.” आशुतोष प्रत्येक फोटो बघून ‘छान’ म्हणे. भिंगाचं झाकण न काढता काढलेला काळाकुट्ट फोटो दाखवला तेव्हाही फोनवरून मान वर न करता तो ‘छान’ म्हणाला होता. आईचं याच्या उलट. कुठलाही फोटो दाखवला की चष्मा शोधण्यात दहा मिनिटं, आणि मग, “हिचा पदर असा का गं? आणि मागे ते फडताळ दिसतंय, ते तरी आवरायचं होतंस.” ते फडताळ नसे. रस्त्यावरचं विजेचं डबडं असे. पण समजावणार कोण आणि किती!

तिच्या कॅमेऱ्यासमोर मनापासून उभी राहणारी एकटी प्रांजली. ती मऊरानीपुरची, धान्याच्या आढत्याची मुलगी. माहेरी हिंदी-बुंदेली, मराठी सगळी सासूकडून शिकलेली. अंगाने उंच, भरलेली, आणि कपड्यांच्या बाबतीत कुणाच्या बापाला न भिणारी. त्या फोटोसाठी तिने हिरवी चंदेरी नेसली, त्यावर आशुतोषचं खाकी जाकीट घातलं, कमरेला चामड्याचा पट्टा आवळला आणि पायात पांढरे बूट. अशी ती दतिया गेटजवळच्या गल्लीत चुन्याच्या पिवळ्या भिंतीला टेकून दीड तास उन्हात उभी राहिली होती. एकदाही कुरकुरली नाही.

आणि आता, चारुता बैठकीहून घरी पोचली तेव्हा, ती दारातच उभी होती.

“दीदी, काय म्हणाले सगळे? दाखवला ना माझा फोटो?”

चारुताने चपला काढायला जरा जास्तच वेळ घेतला. लौकी सांगायची? हेवी सांगायचं? दीडपट सांगायचं?

“छान म्हणाले,” ती म्हणाली आणि पाणी प्यायला आत गेली.

या एका वाक्याचा तिला पुढे इतका ताप झाला की आशुतोषसारखं वागणं आपल्या प्रकृतीला मानवत नाही हे तिला कायमचं कळलं. प्रांजलीने लगेच फोटो फोनवर लावला. मग तो माहेरी पाठवला, खाली ‘झाशीच्या मोठ्या फोटोग्राफर लोकांनी पास केला’ असं लिहून. तिच्या बाबूजींनी तो मऊरानीपुरच्या बाजारातून भिंतीएवढा छापून आणला, सोनेरी चौकट घातली आणि आढतीच्या गादीमागे देवांच्या तसबिरींशेजारी टांगला. वर फोन करून चारुताला आशीर्वाद दिला, “बिटिया, हाथ में जादू है तुम्हारे.” चारुता फोनवर ‘जी बाबूजी, जी’ करत राहिली. मनात म्हणत होती, काढा हो तो, कृपा करून काढा.

प्रांजली रोज विचारी, “परत कधी जायचं फोटोला?” चारुता रोज काहीतरी सांगे. आज धुकं फार, आज बॅटरी नाही, आज कंबर धरली. खरं कारण एवढंच, की पुन्हा तसंच कोपर आलं तर काय, याची तिला धास्ती होती. आणि नीट कसं काढायचं ते दीनानाथजींनी सांगितलं होतं तेव्हा ती रागावण्यात गुंतलेली होती.

फेब्रुवारीच्या शेवटी प्रांजलीच्या धाकट्या बहिणीचा, स्वातीचा साखरपुडा ठरला. सगळे मऊरानीपुरला गेले. कॅमेरा न्यायचा नाही असं चारुताने ठरवलं होतं, पण तो प्रांजलीने आपल्या पिशवीत आधीच भरला होता. आढतीत पाऊल टाकलं आणि चारुताने डोळेच मिटले. गादीमागे चौकटीत तो फोटो, आणि त्या आकारात कोपर खरोखरच माणसाच्या डोक्याएवढं! येणारा प्रत्येक शेतकरी आधी देवाला, मग त्या कोपराला बघत होता. बाबूजींनी तिला हाताला धरून सगळ्यांसमोर उभं केलं. “यही हैं. इन्होंने खींची है.” जमिनीने पोटात घ्यावं असं तिला झालं.

साखरपुडा पार पडला. संध्याकाळी बायका गच्चीवर पाय पसरून बसल्या होत्या. स्वाती फोन चाळत होती, ती एकदम थांबली.

“प्रांजली जिज्जी, ये आप हो क्या?”

अक्षतने व्हिडिओ टाकला होता. नाव होतं, ‘पोज़ की पाँच गलतियाँ’. त्यात मधोमध, बैठकीत भिंतीवरून फोनवर टिपलेली, हिरवी चंदेरी, खाकी जाकीट, पांढरे बूट. चेहरा त्याने पुसट केला होता, पण त्या पोशाखातली दुसरी बाई अख्ख्या बुंदेलखंडात नव्हती. अक्षत पडद्यावर बोट नाचवत सांगत होता, ही कोपराची चूक, ही उभं राहण्याची, ही कॅमेरा जवळ नेण्याची. खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं. एकाने म्हैस लिहिलं होतं. एकाने हसण्याचे चेहरे काढले होते, मोजून अकरा.

चारुताने पायऱ्यांपाशी जाऊन अक्षतला फोन लावला. आवाज खाली ठेवायचा असं ठरवून तिने सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्याला तो तीन गच्च्या ओलांडून गेला.

“किससे पूछकर लगाई तुमने?”

“दीदी, नाम थोड़े ही लिया है. चेहरा भी ब्लर है.”

“और जो लोग गंदी बातें लिख रहे हैं?”

“वो तो पब्लिक है, दीदी. व्यूज़ बहुत अच्छे आ रहे हैं. आप चाहें तो आपका नाम डाल दूँ?”

“अभी हटाओ! अभी!” असं ओरडून तिने फोन बंद केला. आता प्रांजलीला तोंड कसं दाखवायचं? ती वळली. प्रांजली रडत नव्हती. ती गच्चीच्या कठड्याला टेकून तो व्हिडिओ पुन्हा बघत होती. तिसऱ्यांदा.

“दीदी, इकडे या.”

चारुता गेली.

“हा मुलगा बदमाश आहे,” प्रांजली म्हणाली. “पण कोपराचं बरोबर बोलतोय.”

“काय?”

“बघा ना. मी अशी नाहीये. माझा हात एवढा नाहीये.” तिने दंड पुढे केला. “मला माझं वजन माहीत आहे, घरात आरसा आहे. पण हे जास्तीचं कुठून आलं?”

चारुता हातातला बंद फोन उलटसुलट करत राहिली.

“बैठकीत हेच म्हणाले होते का?”

“हो,” चारुता म्हणाली. एकदा हो म्हटल्यावर मग सगळंच बाहेर आलं. लौकी, हेवी, दीडपट, जे होतं ते. दीनानाथजी काय म्हणाले, अक्षत काय म्हणाला, आपण कसे चहा न घेता निघालो, सगळं.

प्रांजलीचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आता ही अक्षतला शिव्या देणार असं चारुताला वाटलं. पण ती चारुतावरच उखडली.

“म्हणजे चांगला फोटो कसा काढायचा ते त्या काकांनी तुम्हाला सांगितलं, दोन महिने झाले, आणि तुम्ही मला ‘छान म्हणाले’ सांगून बसलात? मी वेड्यासारखी सगळ्यांना पाठवला. बाबूजींनी भिंतीवर लावला. दीड तास उभी होते मी, दीदी! पाय सुजले होते. एवढं केल्यावर मला दुसरा फोटो मिळायला नको?”

“तुला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं.”

“मला? वाईट तुम्हाला वाटलं. तुमच्या फोटोला नाव ठेवलं म्हणून.”

चारुताच्या कानांना तापायची एवढी सवय होती, पण या वेळी ते तापले नाहीत. तिला फक्त दमल्यासारखं झालं. ती प्रांजलीशेजारी कठड्याला टेकली. खाली अंगणात हलवायाचे लोक कढया घासत होते.

“उद्या सकाळी बस अकराची आहे,” प्रांजली म्हणाली. “सहाला उठा. साडी मी आणलीये.”

“कुठली?”

“तीच.”

सकाळी सात वाजता दोघी आढतीच्या गोदामात होत्या, प्रांजली त्याच साडीत, त्याच जाकीट-पट्ट्यासकट. उंच पत्र्याचं छप्पर, तीन बाजूंना भिंती, समोर अख्खं दार उघडं. बाहेरच्या फरशीवर पडलेलं ऊन परतून आत येत होतं, पण कुठेच बोचत नव्हतं. चारुताने पहिल्यांदा कॅमेरा न काढता नुसतं बघितलं. दीनानाथजींचं बोलणं आठवायचा प्रयत्न केला. रागाच्या धुरातून तुकडे तुकडे वर येत होते. सरळ समोर उभी करू नकोस. दंड मोकळा ठेव. कॅमेरा लांब ने. आणि खालून काय म्हणाले होते? खालून.

“मी कुठे खाली बसून काढला होता?” ती स्वतःशीच चिडून म्हणाली. “उभीच तर होते!”

प्रांजलीने तिच्याकडे वरून खाली पाहिलं. “दीदी, तुम्ही उभ्या राहता तेव्हा माझ्या खांद्याला लागता.”

चारुताची उंची पाच फूट, तीही टाचा धरून. म्हणजे आजवर तिने काढलेला झाडून प्रत्येक माणूस तिने खालून काढला होता. प्रत्येकाची हनुवटी, प्रत्येकाच्या नाकपुड्या. दोन वर्षं! आणि एका माणसाने, आईने, भावाने, कचेरीत कुणी, एकाने तरी सांगावं की नाही? मग तिला आठवलं की दीनानाथजींनी सांगितलं होतं.

हमालांनी सुक्या मटारची दोन पोती आडवी टाकून दिली. चारुता त्यावर चढली. पोतं पायाखाली सरकत होतं, मटार करकरत होते. कॅमेरा आता प्रांजलीच्या डोळ्यांच्या उंचीला आला.

“वळ जरा. एवढी नको. खांदा माझ्याकडे, बाकी दाराकडे. वजन मागच्या पायावर.”

“कोणता मागचा?”

“जो मागे आहे तो!”

“ओरडू नका, मी मदत करतेय.”

“हात कमरेवर नको, कोपर येतं. खाली सोड. अगं, अंगाला चिकटवू नकोस, मधे जागा राहू दे. हं. आता हनुवटी पुढे.”

“कासवासारखी दिसेन.”

“दिसू दे. थोडी खाली.”

मधेच हमाल पोती घेऊन दोघींच्या मधून गेले. मग एक म्हातारा शेतकरी मटारचा भाव विचारत थेट प्रांजलीपाशी येऊन उभा राहिला आणि हलेना. मग बाबूजी चहा घेऊन आले आणि म्हणाले, “सीधी खड़ी हो जा बिटिया, टेढ़ी क्यों खड़ी है?” त्यांना बाहेर काढण्यात दहा मिनिटं गेली. चारुताने पोत्यावरून उतरून कॅमेरा आणखी मागे नेला, पुन्हा पोती ओढली, पुन्हा चढली. दर पाच-सहा फोटोंनंतर प्रांजली येऊन पडदा बघे आणि सरळ सांगे, “हा नको. यात मी रागावलेली दिसते. हा नको, पोट. हा बरा आहे, पण पट्टा वर गेलाय.” पहिल्या ‘नको’ला चारुता उत्तर द्यायला गेली, दुसऱ्यालाही गेली. दहाव्या ‘नको’नंतर तिने उत्तर देणं सोडलं आणि पट्टा खाली ओढायला सांगितलं. एकशे बासष्ट फोटो झाले. अकराची बस चुकली. आशुतोष फोनवर फोन करत राहिला.

एकशे एकेचाळिसाव्या फोटोत प्रांजली जाकिटाची कॉलर एका हाताने धरून दाराबाहेर बघत होती. चंदेरीवर उजेड पातळ पसरला होता. ती जशी होती तशीच दिसत होती, उंच, भरलेली, आणि कुणाच्या बापाला न भिणारी.

“हा,” दोघी एकदम म्हणाल्या.

बाबूजींना तो दाखवून जुना काढून घ्या म्हटलं, तर ते ऐकेनात. “इसमें तो इधर देख ही नहीं रही,” म्हणाले. चारुताने कपाळाला हात लावला आणि दीडची बस पकडली.

पुढच्या बैठकीला ती गेली. बरोबर प्रांजलीही आली आणि मागच्या ओळीत बसली, निळ्या सलवार-कुर्त्यात, त्यामुळे तिला कुणी ओळखलं नाही. अक्षतने व्हिडिओ काढून टाकला होता, पण चार दिवसांनी, आणि तोही दीनानाथजींनी त्याला घरी बोलावून झाडल्यावर. चारुताला पाहून तो मान खाली घालून फोनशी खेळत राहिला.

नवा फोटो भिंतीवर लागला. चारुताने दोन्ही हात मांडीखाली घेतले. पाच मिनिटं गप्प बसणं म्हणजे काय ते तिला त्या दिवशी कळलं. एक जण म्हणाला, मागे पोती नकोत. तिच्या जिभेवर आलं, आढतीत पोती नसतील तर काय गुलाब असतील? ती गप्प बसली. एक जण म्हणाली, उजेड छान आहे. चारुता तरीही गप्प बसली, आणि तेही तितकंच अवघड गेलं. मग दीनानाथजी उठले. पट्टी फोटोवर फिरली, कोपरावरून पुढे गेली, कॉलरपाशी थांबली.

“कोहनी ठीक हो गई. अब उँगलियाँ कहाँ हैं?”

सगळ्यांनी पाहिलं. कॉलर धरलेल्या हाताची बोटं आत दुमडून गेली होती. मनगटापुढे नुसता मुटका दिसत होता, बोटं कापून नेल्यासारखा. एकशे बासष्ट फोटो काढले आणि दोघींपैकी एकीच्याही ते लक्षात आलं नव्हतं. चारुताच्या घशातून एक आवाज आला, पण शब्द आला नाही.

“किसी को और कुछ कहना है?” दीनानाथजींनी विचारलं.

“मुझे,” मागून प्रांजली म्हणाली आणि उभी राहिली. “वो कोहनी मेरी थी. ये उँगलियाँ भी मेरी हैं.”

खोलीत कुजबुज झाली. अक्षतने फोन खिशात घातला.

“भैया,” प्रांजली त्याच्याकडे बघून म्हणाली, “तुमने वीडियो में जो बताया, सब सही था. मैंने तीन बार देखा. उसी से सीखकर ये वाली खिंचवाई. पर मुझसे पूछा क्यों नहीं? यहाँ से हमारा घर कितना दूर है? पूछते तो मैं खुद बिना ब्लर के खड़ी हो जाती. और जो म्हैस... भैंस लिखकर गया, उसको तुमने हटाया क्यों नहीं? मेरे पिताजी भी फोन चलाते हैं.”

अक्षत काहीतरी पुटपुटला. सॉरी असावं. व्यूज़चा मात्र त्याने उल्लेख केला नाही.

तेव्हा चारुता उठली. पाच मिनिटं संपली होती. कान गरम होते, पण आवाज तिने जागेवर ठेवला. म्हणाली, फोटोला काय म्हणायचं ते म्हणा, मी ऐकेन, मला राग येईल तरी ऐकेन. फोटोतल्या माणसाच्या अंगाबद्दल इथे कुणी बोलायचं नाही, आणि ज्याचा फोटो त्याला आणि जो फोटोत आहे त्याला, दोघांनाही विचारल्याशिवाय इथला फोटो बाहेर जाणार नाही. यावर अर्धा तास वाद झाला. एक सदस्य म्हणाला, मग बारातीतल्या तीनशे माणसांना विचारत बसू का? दुसऱ्याने रस्त्यावरच्या गाईचं काय ते विचारलं. चारुताला वाटलं, यांना एकेकाला पोत्यावर उभं करावं. शेवटी दीनानाथजींनी फळ्यावर नियम लिहिला, हिंदीत, मोठ्या अक्षरांत, आणि खडू खाली ठेवला. नियमाच्या बाजूने हात वर झाले, त्यात अक्षतचाही होता.

लोक उठले, सतरंजी गुंडाळली गेली. प्रांजली जिन्यापाशी चपला घालून तयार होती. तिला खाली जाऊन टिक्की खायची होती. चारुता पिशवी खांद्याला लावून निघाली, दोन पायऱ्या उतरली, थांबली, पुन्हा वर आली.

“काका,” ती म्हणाली, “मग बोटं कुठे ठेवायला हवी होती?”

दीनानाथजींनी चष्मा वर केला. इतक्या महिन्यांत तिने त्यांना विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता. ते उठून खिडकीपाशी गेले, आपल्या सदऱ्याची कॉलर धरली आणि दाखवू लागले. करंगळी कॅमेऱ्याकडे, हाताची कड दिसली पाहिजे, पकड अशी की जणू कॉलरला कळूसुद्धा नये. अंगठा लपव. तसा नव्हे. तू करून दाखव. हं, मनगट मोड. अगं, मोड म्हणजे इतकं नव्हे, जेवायला बसली आहेस का? पुन्हा.

“दीदी,” खालून हाक आली, “टिक्की संपेल हं!”

“आले गं, आले!” चारुता वैतागून ओरडली आणि सातव्यांदा आपल्याच ओढणीची कड धरून, मनगट वळवून, त्यांच्यासमोर उभी राहिली.

“छे,” दीनानाथजी म्हणाले. “पुन्हा.”